बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत खरी

आमच्या साहेबांना "काय, कसं काय?" असं विचारायची सोय नव्हती. विचारलंच, तर ते आधी मनगटावरचं घड्याळ बघायचे आणि मग म्हणायचे, "सकाळी आठपर्यंत बरा होतो." पुढं काही नाही. आठनंतर काय बिघडलं, हे आपण विचारायचं की नाही ते कळायचं नाही. नवा माणूस घाबरायचा. जुना माणूस "हां, हां" करून वाटेला लागायचा.

मी त्यांच्या हाताखाली सात वर्षं काढली. साखर कारखान्याचा कॉम्प्युटर विभाग. आम्ही चौघं, मशिनी पाच, आणि दारावर पाटी: चपला बाहेर काढाव्यात. एसटीडीचे पिवळे बूथ गावोगाव नवे नवे उघडत होते तो काळ. कॉम्प्युटर बघायला संचालकांच्या घरची बायकामाणसं हळदीकुंकवाला यावीत तशी यायची आणि काचेला नाक लावून उभी राहायची. मी चकलांब्याची. आमचं घर मेंढरांचं. संध्याकाळी वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं आत घेताना बाप एकेक मोजायचा. "काल मोजली की," म्हटलं तर खवळायचा, "कालची मोजणी कालच्या मेंढरांची, आजची कुनी मोजायची? तुझ्या आज्यानं?" त्यामुळं असेल, बाकीच्यांना साहेब येडे वाटायचे तेव्हा मला ते नुसते अवघड वाटायचे.

आमचं मुख्य काम म्हणजे तोडीची यादी. कुणाच्या उसाला कधी तोड येणार, ते त्या यादीत. ऊस कधी लावला, जात कोणती, गट कोणता, सभासद कोण, या सगळ्या नोंदी वेगवेगळ्या तक्त्यांत होत्या. खिडकीवर कुणी येऊन "आमचा नंबर कवा?" म्हणालं, की मशीन ते सगळे तक्ते जुळवत बसायची, आणि तोवर त्या माणसाची एक बिडी संपून दुसरी पेटलेली असायची. यावर साहेबांचा उपाय होता तयार यादी. इंग्रजीत तिला मटेरियलाइज्ड व्ह्यू म्हणतात. पहिल्याच दिवशी त्यांनी मला ते असं समजावलं: "ताई, भाकरी सकाळी करून टोपल्यात ठिवली, की दर खेपेला चूल पेटवायला नको. आल्यागेल्याला लगेच वाढता येती. पण टोपल्यातली भाकरी सकाळची हाय, हे वाढणारानं इसरायचं न्हाई."

म्हणून ती यादी रोज ताजी करायची. दुपारी बाराला सगळे जेवायला उठले, मशिनी रिकाम्या झाल्या, की पाच मिनिटं थांबून साहेब हुकूम द्यायचे. पंधरा मिनिटांत यादी नव्यानं भरायची, छपाईयंत्र कर्रकर्र करत कागद ओकायचं, आणि कागदाच्या माथ्यावर ओळ असायची: ही यादी दुपारी बारा वाजून पाच मिनिटांपर्यंत खरी.

एका म्हाताऱ्या सभासदानं ती ओळ नातवाकडून वाचून घेतली आणि खिडकीत डोकं घातलं. "मंग बारा सहाला काय खोटी हाय का?"

"बारा सहाचं मला माहीत न्हाई," साहेब म्हणाले.

"लई शाना हाय तुमचा साहेब," म्हातारा मला म्हणाला आणि हसत गेला. कार्यकारी संचालक मात्र हसणारे नव्हते. त्यांनी एकदा फोनवर विचारलं, अमुक गटात किती ऊस उभा आहे. साहेब म्हणाले, "कधीचं विचारताय?" पलीकडून आवाज एवढा चढला की माझ्या टेबलापर्यंत ऐकू आला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि उत्तर दिलं, "आत्ताचं माझ्याजवळ न्हाई. दुपारचं देऊ का?" त्या वर्षी त्यांची बढती राहिली. पुढच्याही वर्षी राहिली.

कॉम्प्युटरच्या परवान्याची गोष्ट तर कारखान्यात सगळ्यांना पाठ होती. मी नोकरीला लागायच्या आधीची, पण काट्यावरच्या मामांनी मला ती इतक्या वेळा सांगितली की मी तिथं हजर असल्यासारखं वाटतं. मामा म्हणजे वजनकाट्यावरचे कारकून. बैलगाडी काट्यावर चढून उतरेपर्यंत गाडीवानाच्या सात पिढ्यांची चौकशी करणारा माणूस. तर झालं असं, की औरंगाबादहून एक इंजिनियर येऊन सगळी सिस्टीम टाकून गेला. जाताना म्हणाला, तयार यादीची सोय आत आहे, वापरा खुशाल. साहेबांनी परवान्याचा कागद मागून घेतला. शब्दकोश घेऊन तीन दिवस वाचला. कारखान्यानं घेतलेल्या परवान्यात ती सोय बसत नव्हती. तिचा वेगळा कागद लागत होता.

"चालतंय की साहेब, कोन बघतंय?" तो पोरगा म्हणाला.

"चालतंय म्हंजी आपलं हाय असं न्हाई," साहेब म्हणाले.

आणि तो कागद येईपर्यंत सात महिने त्यांनी ती सोय वापरली नाही. आतल्या आत तयार पडून होती. एक ओळ लिहायची की झालं. पण हा बाबा रोज सगळे तक्ते आपल्या हातानं जुळवायचा, तीन तास घालवायचा, जुनी यादी पुसून नवी भरायचा. कागद आला त्या दिवशी त्यांनी मशिनीला भस्म लावलं, स्वतःच्या कपाळाला लावलं, आणि मग पहिल्यांदा हुकूम दिला. धर्मापुरीचं किराणा दुकानदाराचं घराणं, महादेवाची भक्ती. मामा म्हणायचे, "आर्धं दुकान त्याच्या डोस्क्यात हाय बघ. जोखल्याशिवाय काय बी देनार न्हाई, आन घेनार बी न्हाई."

त्यांचं चुकलंच नाही असं मात्र नाही. एकदा सणामुळं दोन दिवस यादी ताजी झाली नाही, आणि त्या शिळ्या यादीवरून ऊस तोडणाऱ्यांची एक टोळी ज्या शेतात गेली तिथला ऊस आधीच तुटून गेला होता. लेकुराबाळांसकट माणसं मोकळ्या रानात उभी. कारखान्यात असं होतच असतं, मुकादमाला चार शिव्या घालून दुसरीकडं पाठवायचं, एवढंच. साहेब सायकल काढून सात मैल गेले. मुकादमापुढं उभे राहिले आणि म्हणाले, "चूक माझी हाय. यादी शिळी होती." मुकादम नंतर मामांना विचारत होता, "त्ये साहेब बरे हायत ना? आमची कुनी माफी मागतंय व्हय?"

बाराला आम्ही सगळे कारखान्याच्या उपाहारगृहात डबे उघडायचो. साहेब आत. त्यांचा डबा मशिनीजवळ, त्यात दोन भाकरी आणि कारळाची चटणी, रोज. ताजी छापलेली यादी समोर ठेवून ते लोखंडी पट्टी एकेका नावाखाली सरकवत खाली यायचे. घाटनांदूर गटात आले की एका नावापाशी पट्टी थोडा वेळ थांबायची. मला वाटायचं, त्या गटाच्या नोंदी नेहमी चुकत असतील.

तिसऱ्या वर्षी मी हुशारी केली. पुस्तकात वाचलं होतं, की एकदा सांगून ठेवलं तर मशीन ठरल्या वेळी आपोआप यादी ताजी करते. माणूस लागत नाही. मी मोठ्या ऐटीत जाऊन सांगितलं, "साहेब, तुमी जेवायला येत जावा आमच्यासंगं. हे आपोआप होतंय."

"माहितीय," ते म्हणाले.

"माहितीय? मग काहून बसता हितं रोज?"

त्यांनी डब्याचं झाकण लावलं. "मग बाराला मी कुठं बसू, ताई?"

मला वाटलं होतं शाबासकी मिळेल. मी वरमून बाहेर आले. तिथं सगळ्यांचे डबे उघडले होते, "वहिनींनी काय दिलं आज?" चाललं होतं, आणि मला एकदम कळलं की या प्रश्नासमोर दोन भाकरी आणि कारळाची चटणी घेऊन बसणं त्यांना जमणार नव्हतं.

कारण घरचं त्यांना एकच वाक्य येत होतं. "मुलगा काय करतो?" म्हटलं की, "सातवीत हाय." मी लागले तेव्हा सातवीत. दुसऱ्या वर्षी सातवीत. तिसऱ्या वर्षी मी मामांना म्हटलं, "किती नापास व्हायचं त्यानं?" मामा नेहमी खो खो हसणारे, ते हसले नाहीत.

"त्याच्या बायकूला जाऊन लई साल झाले, पोरी. लेकरू सातवीत व्हतं तवा."

भांडणतंटा काही नव्हता म्हणे. मारहाण नाही, दारू नाही. ती या असल्या बोलण्याला कावली. भाजी कशी झाली म्हटलं तर हा म्हणायचा, "निम्म्या भाकरीपर्यंत चांगली लागली." आता मला सांगा, कोणती बाई हे किती दिवस ऐकेल? ती पोराला घेऊन माहेरी, घाटनांदूरकडं गेली. चार जाणती माणसं बसली. सासऱ्यांनी सांगितलं, आम्ही बोलावू तेव्हा या, तोवर पोराला भेटायला येऊ नका, त्याच्या जिवाला ओढाताण नको. आणि साहेब "बरं" म्हणाले.

"आन मग?" मी विचारलं.

"मग काय? त्येनी बोलावलं न्हाई, आन ह्यो गेला न्हाई. दुसरा असता तर दोन म्हैन्यानं जाऊन पाय धरले असते, न्हाईतर दारात बोंबलला असता. ह्यो बसला वाट बघत. येडं हाय बघ त्ये."

त्या दिवसापासून मी एक गोष्ट ऐकू लागले. साहेब कुठलीही माहिती वेळेशिवाय द्यायचे नाहीत. पाऊस "सकाळी सातपर्यंत" पडलेला असायचा, रस्ता "काल संध्याकाळपर्यंत" चालू असायचा. फक्त "सातवीत हाय" या दोन शब्दांना त्यांनी कधी वेळ लावली नाही. घाटनांदूर गटातल्या त्या नावाचाही मग उलगडा झाला. ते त्यांच्या सासऱ्यांचं होतं. तेवढीच एक ओळ त्या घरातून रोज यांच्या पट्टीखाली येत होती. नुसतं नाव, उसाची जात आणि लागणीची तारीख.

पाचव्या वर्षी, हंगाम सुरू व्हायच्या आधी, सभासदत्व दुसऱ्याच्या नावावर करायचे अर्ज आले. ते मशिनीत भरायचं काम माझं. सकाळी दहाला मी एक अर्ज उचलला. घाटनांदूर गट, आजोबांकडून नातवाच्या नावे. वय एकोणीस. कोपऱ्यात चिकटवलेला फोटो, कोवळी मिशी, आणि कान साहेबांचे. मी नाव टाइप केलं. मग वडिलांचं नाव टाइप केलं, आणि माझी बोटं थांबली. ते नाव मी रोज शंभर कागदांवर शिक्क्यात बघत होते.

दहा पावलांवर साहेब बसले होते. उठून सांगावं? काय म्हणून सांगावं? माझ्या तोंडून ऐकलं तर मला हे सगळं माहीत आहे हेही त्यांना कळलं असतं, आणि पाच वर्षं जपलेली त्यांची अब्रू गेली असती. अर्ज दडवावा? तेही पटेना. खरं सांगायचं तर मी घाबरले. नोंद भरून टाकली आणि बाराची वाट बघत बसले.

बाराला मी जेवायला गेले नाही. बारा पाचला हुकूम गेला, वीसला कागद बाहेर आला. पट्टी सरकत सरकत घाटनांदूर गटात आली आणि थांबली. सासऱ्यांचं नाव गेलेलं, त्या जागी नवं.

"हे आज घातलं?" त्यांनी मान वर न करता विचारलं.

"होय. दहा वाजता."

"कागद तुमी बघितला? डोळ्यानं?"

"बघितला, साहेब."

"मधलं नाव... कागदावर असंच हाय?"

"असंच हाय."

त्यांनी पट्टी बाजूला ठेवली. "ठिवलंय म्हंजी," ते म्हणाले. मग चष्मा काढून पुसला, परत घातला, परत काढला. मी उगाच टेबलावरचे कागद नीट करत राहिले. डोळ्यांत पाणी माझ्या आलं होतं, त्यांच्या नाही.

नव्या सभासदानं स्वतः येऊन कार्ड न्यायचं असतं. साहेबांनी ते कार्ड कारकुनाकडं दिलं नाही, स्वतः लिहिलं. अक्षर इतकं सुबक, की लग्नपत्रिका असावी. मग आठ दिवस ते इस्त्रीचा सदरा घालून येत होते. मामांनी चेष्टा केली, "काय साहेब, पाव्हने येनार हायत का?" साहेब म्हणाले, "आजपर्यंत तरी न्हाई."

तो आला एका बुधवारी, बाराला पाच कमी असताना. आमच्या कारकुनानं सवयीनं त्याला सांगितलं, "साहेब यादी ताजी करायला बसलेत, वीसनंतर या." तो समोरच्या बाकावर बसला. मधे काच. साहेब आत, हुकूम लिहायच्या मशिनीसमोर. बारा पाच झाले. सहा झाले. दहा झाले. त्यांनी कळफलकाला हात लावला नाही. ते काचेतून बघत होते. बारा वर्षांचा पाहिलेला मुलगा एकदम एकोणीस वर्षांचा होऊन पायावर पाय टाकून बसला होता, आणि मधली सात वर्षं त्यांच्याजवळ कुठंच नव्हती. सणाचे ते दोन दिवस सोडले, तर कारखान्यात कॉम्प्युटर आल्यापासून बाराची यादी झाली नाही असा तो एकच दिवस.

मग ते उठले आणि त्यांनी खिडकी उघडली. "या. कार्ड न्यायला आलात ना?"

"होय, साहेब."

"शिकता का काही?"

"बीएस्सी. सेकंड इयर. अंबाजोगाईला."

"ऱ्हायला?"

"रूम हाय. रविवारी घरी जातो."

"घरची मंडळी बरी हायत?"

"बरी हायत की." पोरगा थोडा हसला. कारखान्याचा साहेब एवढी चौकशी करतो याची त्याला गंमत वाटली असणार. सात वर्षांत साहेबांचे केस पिकले होते, जाड चष्मा लागला होता, आणि बाप इथं आहे हे त्याला घरात कुणी सांगितलं नसावं; त्यानं ओळखलं नाही.

साहेब कार्ड घेऊन माझ्या टेबलाशी आले. वाकून हळूच म्हणाले, "ताई, ह्याच्यावर सही तुमी करा."

कार्डावर सही साहेबांची असायची आणि खाली त्यांच्या नावाचा शिक्का. तो शिक्का मारला असता तर पोरानं आपलंच मधलं नाव आणि आडनाव समोर वाचलं असतं. मला कळलं ते काय करतायत. माझा असा संताप झाला!

"साहेब, सांगा की त्याला," मी दातओठ खात कुजबुजले. "पाच पावलांवर हाय."

"बोलावलं न्हाई अजून."

"कुनी बोलवायचं? तो सज्ञान झालाय!"

"म्हणून तर. आता बोलवायचं असंल तर तो बोलवील. असं शिक्क्यातून त्याच्या अंगावर जायचं न्हाई." त्यांनी कार्ड माझ्यापुढं सरकवलं. "करा सही. मी तसं लिहून देतो तुमाला."

आणि मी सही केली. माझ्या गाढवपणाला काय म्हणावं? मी नाही म्हणाले असते तर त्यांना स्वतः करावी लागली असती. शब्द त्यांनी दिला होता, मी थोडाच दिला होता! पण पाच वर्षांची सवय, साहेब म्हणाले की हात चालायचा. शिक्का त्यांच्या ड्रॉवरमध्ये राहिला. पोरगा कार्ड खिशात घालून "येतो साहेब" म्हणाला आणि फाटकातून बाहेर पडला. साहेब खिडकीशी उभे होते. फाटकाबाहेर एसटी आली, गेली, धूळ बसली, तरी उभे होते. यादी मी एक वाजता ताजी केली आणि माथ्यावरची वेळ बदलली.

चारला चहा आला. मामा नेहमीप्रमाणे काट्यावरून येऊन बसले. त्यांना यातलं काही माहीत नव्हतं. नेहमीच्या चौकशीच्या ओघात त्यांच्या तोंडून निघून गेलं, "काय साहेब, पोरगं कितवीत हाय मग?"

मी कप खाली ठेवला. साहेबांनी घड्याळाकडं बघितलं.

"आज दुपारी बारा वाजून वीस मिनिटांपर्यंत," ते म्हणाले, "बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला होता. अंबाजोगाईला. मिशी फुटलीय."

मामांचा चहा हातातच राहिला. मग मामांनी आपल्या बशीतलं बिस्कीट साहेबांच्या बशीत ठेवलं, आणि साहेबांनी ते खाल्लं.

दोन हंगामांनी ते निवृत्त झाले. निरोपाच्या दिवशी लोखंडी पट्टी त्यांनी मला दिली. तोवर अंबाजोगाईहून काही निरोप आला नव्हता. आला असता तर मला त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं असतं. मी सामान एसटीत चढवायला गेले होते. गर्दीत, खिडकीतून, राहवेना म्हणून मी विचारलंच, "साहेब, मुलगा काय करतो आता?"

"त्या बुधवारी बारा वीसपर्यंत दुसऱ्या वर्षाला होता."

"दोन वर्षं झाली की त्याला, साहेब!"

"व्हय," ते म्हणाले. गाडी सुरू झाली तसा त्यांनी खिडकीच्या गजाला धरलेला माझा हात हळूच सोडवला. "पण तेवढं मी स्वतः बघितलंय, ताई."